बोनस बुडू नये म्हणून

कापसाच्या बैलबंड्या सुरू झाल्या. सकाळी अंथरुणातच बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात, आणि शाळेत शिकवायला बाहेर पडते तेव्हा कॉटन मार्केटच्या रस्त्यावरच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेले असतात. बंडी कडेने गेली की बाभूळ तिच्यातून मूठभर कापूस ओरबाडून घेते. दुपारपर्यंत तो मातकट होतो. पण सकाळी, उन्हाची पहिली तिरीप पडते तेव्हा, वाटतं की झाडांना रात्रीतून वेगळीच फुलं आली. जिनिंगच्या कारखान्यातून सरकीचा तेलकट, किंचित गोड वास येतो. या वासाने मला अजूनही भूक लागते.

परवा चहाच्या वेळी बाबांनी एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. अमरावतीत, जवाहर गेटजवळ, एका बँकेची नवी शाखा निघाली आहे. संक्रांतीच्या आत बचत खातं उघडा, ठरलेली रक्कम चैत्रापर्यंत हलवू नका, व्याजावर बोनस मिळवा. असे कागद आता मराठीत असतात. बाबांना ते स्वतः वाचता येतात. तरीही ते म्हणाले, "वाच बरं, बेबी. आधी खालचं बारीक अक्षर वाच."

बारीक अक्षर आधी वाचायचं, ही रीत आमच्या घरात सुशीआत्याने आणली.

सुशीआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आजी-आजोबा मला आठवतही नाहीत, इतक्या लवकर गेले. बाबांनीच तिला शिकवलं, आणि ती अकोल्याच्या एका मुलींच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. जुन्या शहरात एक खोली भाड्याने घेऊन राहायची. बाई एकटी राहते याबद्दल बाबांना लोक विचारत. बाबा म्हणत, "शाळेच्या हेडबाई शेजारीच राहतात," आणि विषय बदलत. तिने पगारातून पैसे बाजूला टाकायचे आणि ते तिच्या लग्नाला लागायचे, असं बाबांनी ठरवलं होतं. आत्याने वेगळं ठरवलं होतं. तिला नागपूरला शिक्षकांच्या ट्रेनिंगला जायचं होतं. वर्षभर पगार नाही, वर फी आणि वसतिगृहाचा खर्च. पैसे तेच, वाटा दोन. हे बाबांना ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण मी कुणाला काही सांगत नसे.

मी तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये होते. शाळेत सगळं इंग्रजी आणि घरी वऱ्हाडी, यांच्या मध्ये कुठेतरी माझा आवाज हरवला होता. पाहुणे आले की मी दाराच्या आडून त्यांच्या चपला पाहत बसायची. पण आत्या आली की पदराखालून घडी केलेला कागद काढायची. बँकांचे कागद तेव्हा इंग्रजीत असत. "वाच वं माही मास्तरीण," ती म्हणायची. मी वाचायची, आणि मराठीत सांगायची, आणि घरातली मोठी माणसं चक्क गप्प बसून ऐकायची. तेवढ्यापुरता माझा आवाज खणखणीत व्हायचा, माझा मलाच अनोळखी वाटेल असा.

त्या वर्षी दिवाळीनंतर आत्याने अमरावतीच्या एका नव्या बँकेत खातं काढलं. हंगामात शेतकऱ्यांच्या, अडत्यांच्या हाती पैसा येतो म्हणून बँकांनी असे बोनस काढले होते. आमच्यासारख्या पगारदारांकडे कोण बघतं! पण आत्याने बघितलं. व्याजाचा नियम मीच तिला वाचून दाखवला होता. महिन्याचे पहिले काही दिवस सोडून पुढे महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज. म्हणजे पगार झाला की त्या पहिल्या दिवसांतच भरला पाहिजे. उशीर झाला तर तो महिना गेला. आणि काढायचे असले तर महिना उलटल्यावर. आत्याने मान डोलावली आणि म्हणाली, "म्हणजे बँक आपला सगळ्यात वाईट दिवस पाहून भाव करते."

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती अकोल्याहून पॅसेंजरने यायची. शनिवारी बँक अर्धा दिवस. बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला पोचेपर्यंत घड्याळ धावायला लागलेलं असायचं. मी स्टेशनवर टांगा थांबवून उभी असायची. कापसाने भरलेल्या डब्यांच्या शेजारून चालत ती यायची, तेव्हा तिच्या लुगड्यावर, भुवयांवर, कानातल्या कुड्यांवर कापूस असायचा. टांग्यात मी तो वेचायची आणि ती टांगेवाल्याला म्हणायची, "हाक ना बापा! घोडं हाय का बकरी?"

"बकरी असती तर बाई तुमाले दूध तरी देलं असतं," टांगेवाला म्हणायचा, आणि घोडा होता तसाच चालायचा.

बँकेत नव्या रंगाचा आणि शाईचा वास. आत शिरलं की पुरुषांच्या माना वळत. पहिल्याच दिवशी कॅशियरने चष्म्यावरून पाहत विचारलं होतं, "बाई, सोबत कोणी नाही का?"

"आहे ना," आत्याने मला पुढे ओढलं. "ही काय."

मी जमिनीत शिरायचीच बाकी होते. पण कॅशियरने गंभीरपणे माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि पितळी टोकन आत्याच्या नव्हे, माझ्या हातात दिलं. त्याच्या थंड गोल वजनाची मला अजून आठवण आहे. नंतर आम्ही बाहेर पायरीवर उभं राहून आलूबोंडे खायचो, कागदाच्या पुडीतून, बोटं भाजत. आत्या घाईने खायची आणि मी हळू. तिची परतीची गाडी रविवारी असायची. शनिवारची दुपार संपू नये म्हणून मी तो एक आलूबोंडा किती वेळ पुरवायची!

संक्रांतीनंतर बाळापूरहून स्थळ आलं. मुलाचे वडील कापसाचे मोठे व्यापारी, नानाजी म्हणत त्यांना. धोतर, काळा कोट आणि घर हलेल असा आवाज. मुलगा दुकान पाहत होता. तो शांत होता. पोह्यांतले शेंगदाणे त्याने बशीच्या कडेला सरकवून शेवटी खायला ठेवले होते. मीही तसंच करायची, त्यामुळे त्याचा राग धरणं मला जमेना. नोकरी मात्र सोडावी लागणार होती. बाळापूरच्या सुना नोकरी करत नाहीत, हे नानाजींनी चहा येण्याच्या आधीच सांगून टाकलं.

"मंग माघातच उडवून देऊ बार," ते म्हणाले. "काय म्हन्ता भाऊसाहेब?"

बाबा हो म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात आत्या पाण्याचे पेले घेऊन आली. खाली मान घालून, अगदी मुलगी दाखवताना असते तशी. पेले ठेवता ठेवता बाबांना हळूच म्हणाली, "दादा, बँकेचं सांगितलं का यांना?"

"काय बँकेचं?"

"चैत्राच्या आत पैसे काढले तर बोनस जाते ना."

नानाजींनी कपावरून डोळे वर केले. "किती जाते?"

आत्याने आकडा सांगितला. खोलीतल्या माणसांचे चेहरे असे झाले, जणू कुणी वारल्याची बातमी आली आहे.

"आन् मंग काढता काहून?" नानाजी कडाडले. "आमी भावासाठी कापूस घरात ठेवतो का नाई? वखारी भरल्या हायेत माह्या. आज इकला तर लोकं येडा म्हन्तीन मले. ठेवा, ठेवा. पोरगी काय आन् पोरगं काय, कुठं पळून चालले!"

सगळे हसले. तो मुलगाही हसला. बाबा तर इतके खूश झाले की त्यांनी नानाजींना आणखी पोहे वाढायला लावले. फक्त आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आत्याकडे पाहत होती. ती हसली नाही. आत गेली आणि कढईत उगाचच पळी फिरवत राहिली.

आमच्या मुलखात बोनस बुडवणं म्हणजे अडाणीपणा. जात, गोत, पत्रिका यांवर वाद होतील, पण भाव वाढायच्या आत माल काढू नये यावर सगळ्यांचं एकमत. कापूस घरात ठेवून माणसं त्याच्यावर झोपतात, खोकतात, उंदीर सोसतात, पण थांबतात. आत्याला आपली माणसं पुरती ठाऊक होती. तिने कुणाशी भांडण केलं नाही, रडली नाही, उपास धरला नाही. फक्त बँकेचा नियम मध्ये ठेवला.

चैत्रात बोनस जमा झाला. बाबा पासबुक घेऊन शेजारी दाखवून आले. म्हणाले, "आता वैशाखातला मुहूर्त पाहू." आत्याने पदराखालून दुसरी घडी काढली. अकोल्याच्या एका बँकेची उन्हाळी योजना. एप्रिलच्या सुरुवातीला भरा, जून संपेपर्यंत राहू द्या.

"वाच वं, बेबी," बाबाच म्हणाले.

मी वाचलं. एक अक्षर गाळलं नाही, एक वाढवलं नाही. बाबा बोटांच्या पेरांवर हिशेब करत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. "म्हंजे एकाच पैशावर दोनदा बोनस?" त्यांनी आत्याकडे पाहिलं ते एखाद्या हुशार भागीदाराकडे पाहावं तसं. "सुशे, तू मानूस असती तं अडत्या झाली असती."

"मी माणूस नाही का दादा?" आत्या म्हणाली. बाबांना ते ऐकू आलं नसावं. बाळापूरला निरोप गेला. नानाजींचं उत्तर आलं की थांबतो, पण जरा लवकर.

पैसे अमरावतीहून काढून अकोल्याला न्यायचे होते, आणि माझी परीक्षा नुकतीच संपली होती. बाबांनी आम्हा दोघींना बडनेऱ्यापर्यंत सोडलं. गाडीत आत्याच्या कमरेला पैशांची कापडी पिशवी बांधलेली होती आणि मी तिला इतकी चिकटून बसले होते की घामाने दोघींचे दंड एकमेकींना चिकटले. हंगाम सरला होता. स्टेशनांवरच्या गठड्या गेल्या होत्या आणि रुळांच्या कडेला जुना, धुळकट कापूस तेवढा उरला होता. मूर्तिजापूरला तिने कैऱ्या घेतल्या.

व्याजाचे दिवस सुरू व्हायला अजून वेळ होता. त्या दोन-चार दिवसांत पैसे कुठेही असले तरी कुणी त्यांचं काही देणार नव्हतं. "घाई नाही," आत्या म्हणाली. "हे दिवस मोकळे आहेत." पिशवी तिने ज्वारीच्या डब्यात घातली आणि वर झाकण लावलं.

ती खोली! एक खिडकी, एक बाज, कोपऱ्यात स्टोव्ह, भिंतीवर मुलींनी काढून दिलेला नकाशा. दुपारी दाराला ओलं गोणपाट लावायची आणि आम्ही फरशीवर लोळायचो. गोणपाटातून आत येणारी झुळूक आधी ताग आणि माती यांचा वास घेऊन यायची, मग गारवा. संध्याकाळी कैरीची डाळ, भाकर, आणि तिने लोखंडी तव्यात रगडलेला ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं की ती म्हणायची, "कॉन्व्हेंटात हेच शिकवत नाहीत." तिथे मी किती बोलले! शाळेतल्या मुलींच्या नकला केल्या, सिस्टर चालतात कशा ते खोलीभर चालून दाखवलं. घरी परतल्यावर इतका आवाज माझ्यातून पुन्हा निघाला नाही.

एका दुपारी तिने नागपूरच्या ट्रेनिंग कॉलेजचं माहितीपत्रक काढलं. इंग्रजीत होतं. पहिल्या पानांवर काय आहे ते तिला माहीत होतं. तिला वसतिगृहाचे नियम ऐकायचे होते. मी वाचत होते आणि ती डोळे मिटून पडली होती. विद्यार्थिनींनी स्वतःची गादी, तांब्या आणि कंदील आणावा. अमुक वेळेनंतर दिवा नको. रविवारी पाहुण्यांना भेटता येईल.

"तांब्या आहे," ती डोळे न उघडता म्हणाली. "कंदील घ्यावा लागेल. पुन्हा वाच, दिव्याचं."

मी पुन्हा वाचलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहताना मला कळलं की ही तिकडे पोचलीच आहे. आता फक्त अंगाने जायची बाकी आहे. आणि ज्या खोलीत मी बोलते, ती खोली आत्या गेली की कुणा दुसऱ्याची होईल. मी मनात म्हटलं, काहीतरी अडो. नियम बदलो, जागा भरून जावोत. मोठ्याने मात्र मी तिसऱ्यांदा दिव्याचा नियम वाचला, कारण तिने पुन्हा मागितला.

ज्येष्ठात बातमी आली. नानाजींनी दर्यापूरची मुलगी पक्की केली. बाबा ऑफिसातून आले, टोपी खुंटीला न लावता हातातच धरून उभे राहिले. आत्या सुट्टीसाठी आमच्याकडेच होती.

"तुह्या बोनसपायी स्थळ गेलं सुशे!"

"माह्या?" आत्या तांदूळ निवडत होती. "वाचून तर तुम्हीच घेतलं, दादा."

स्वयंपाकघरातून आईचं हसू ऐकू आलं आणि लगेच थांबलं. बाबा बसले. टोपी मांडीवर ठेवून तिची कड चिमटीत दाबत राहिले. मग आत्याने नागपूरचं सांगितलं. सगळं, एका दमात, सुपातले खडे वेचतच. जागा मिळाली आहे, जुलैत हजर व्हायचं आहे, पैसे पुरतात.

"वर्षभर पगार नाई?"

"नाही."

"आन् मंग?"

"मंग जास्त पगार."

"किती जास्त?"

तिने सांगितलं. बाबा पुन्हा बोटांच्या पेरांवर मोजू लागले. मला त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती. ते ओरडतील, नको म्हणतील, धाकट्या बहिणीला नको म्हणण्याचा हक्क त्यांना होताच, आणि तिने तो मानला असता. नेमकं काय व्हावं असं मला वाटत होतं ते तेव्हाही मला नीट कळत नव्हतं.

"खातं बंद करावं लागन?" त्यांनी विचारलं.

"हो."

बाबांनी टोपी झटकली. "जून संपू दे मंग. आता कुठं बोनस सोडतं!"

ते उठून पाय धुवायला गेले. आत्याचे हात सुपात थांबले होते. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. आईने येऊन तिच्या हातातून सूप काढून घेतलं.

आता मला स्वतःचा पगार आहे. पहिल्या शनिवारी मी एकटी बँकेत जाते. सोबत कोणी नाही का, असं कुणी विचारत नाही. आत्या नागपूरलाच राहिली. तिथे तिला नोकरी लागली, मग बढती मिळाली. दिवाळीत येते ती डबे भरून, घड्याळ बघत. तिची भाषा साफ झाली आहे. मी 'काहून' म्हटलं की हसते. मी तिच्याशी पुन्हा थोडंसंच बोलते. तिच्या जाण्यात तिचं सगळं भलं झालं, याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही. बँकेला महिन्यातला सगळ्यात रिकामा दिवस तेवढा दिसतो. माझं उलट आहे. त्या वर्षाचं मी काही आठवू लागले की गोणपाटाआडच्या त्या दुपारीच तेवढ्या पुढे येतात, आणि बाकीचे महिने त्यांच्या सावलीत उभे राहतात.

बाबांनी दिलेला कागद मी वाचून दाखवला. बारीक अक्षर आधी. "चांगला हाय," ते म्हणाले, आणि कागदाची घडी करून माझ्याकडे वळले. "तुले कुठं जायचं असन तं सांगत जाय वं. आधी सांगत जाय." मी मान हलवली.

त्या वर्षी जुलैत बडनेऱ्याला आम्ही आत्याला पोचवायला गेलो होतो. फलाटावर माणसं भिजलेल्या बोचक्यांवर बसली होती. गादी वर चढवली, ट्रंक चढवली. बाबा खिडकीशी उभे राहून सूचना देत होते, गर्दीत पैसे सांभाळ, वर्ध्याला चहा घेऊ नको, तिकडच्या बँका काय देतात ते पाहून कळव. आत्या हो हो म्हणत होती. मला बोलायचं होतं. रात्रभर मी एक वाक्य जुळवलं होतं, इंग्रजीत, कारण मराठीत ते फार उघडं वाटत होतं. शिट्टी झाली. आत्याने खिडकीतून हात काढून माझी हनुवटी धरली आणि म्हणाली,

"जाते गं."

"येते म्हन वं सुशे!" बाबा कासावीस होऊन ओरडले. "जाते काय म्हन्तं, अभद्र! येते म्हन!"

गाडी हलली होती. आत्या हसत होती. बाबांकडे पाहून तिने हात जोडले. मग माझ्याकडे वळली आणि मान हलवून, अगदी स्पष्ट, पुन्हा तेच 'जाते' म्हणाली.

"जा," मी म्हटलं. पहिल्यांदाच एवढ्या माणसांत, एवढ्या मोठ्याने.